उत्तर कधी येतं? लाइव्ह आणि रेकॉर्डेड शिकण्याची पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आत्या दर शनिवारी संध्याकाळी मोडी लिपी शिकवते. पूर्वी समोर पाच-सहा जण सतरंजीवर बसायचे. २०२० च्या टाळेबंदीत ते बंद झालं आणि तिने मला विचारलं, "सगळ्यांना एका वेळेला फोनवर बोलवू, की धडा रेकॉर्ड करून पाठवून देऊ?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. शिक्षणशास्त्रात पहिल्या पद्धतीला समकालिक म्हणतात आणि दुसरीला असमकालिक. बोलताना आपण लाइव्ह आणि रेकॉर्डेड म्हणतो. शब्द नवे असले तरी प्रश्न नवा नव्हता. आमच्या घरापासून मांडवी चालत जाण्याइतकी जवळ आहे, आणि तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इतिहासात त्या प्रश्नाचा शंभराहून अधिक वर्षांचा माग लागतो.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केलं. त्यातून लगेच दुसरी अडचण पुढे आली. चार इयत्ता शिकून शेतावर गेलेलं पोर वाचायला काही मिळालं नाही तर अक्षरं विसरतं. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं महाराजांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, आणि स्वतःच्या संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. बॉर्डन तीन वर्षं राहिले. पुढे ते काम जनार्दन सखाराम कुडाळकरांनी सांभाळलं. खेड्यांत वाचनालयं उघडण्यामागे मोतीभाई अमीन यांची मोठी खटपट होती.

बडोद्याच्या या ग्रंथालय खात्याच्या दोन शाखा मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक फिरत्या ग्रंथालयांची. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावोगाव रवाना होत. लोकांनी वाचली की पेटी परत येई आणि दुसरी जाई. दुसरी शाखा होती दृश्य शिक्षणाची. ती मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडणारं यंत्र), स्टिरिओस्कोप (चित्राला खोली आणणारं दुर्बिणीसारखं यंत्र) आणि चलत्‌चित्रं घेऊन लोकांपुढे खेळ करी. पेटीतलं पुस्तक ज्याने त्याने आपापल्या सवडीने वाचायचं. पडद्यावरचं चित्र मात्र सगळ्या गावाने एकाच रात्री, एकाच चौकात पाहायचं. म्हणजे दोन्ही पद्धती एकाच छपराखाली आणि एकाच अंदाजपत्रकात नांदत होत्या, आणि एक ठेवून दुसरी बंद करावी असं कुणी म्हणत नव्हतं.

पेटीत एक उणीव होती. वाचता वाचता अडलेल्या माणसाने विचारायचं कुणाला? ती भरून काढण्याची युक्ती इंग्लंडमध्ये आधीच निघाली होती. १८४० मध्ये तिथे एक पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं, आणि त्याच वर्षी बाथ गावातल्या आयझॅक पिटमनने आपली लघुलिपी छोट्या कार्डावर छापून टपालाने शिकवायला सुरुवात केली. शिकणाऱ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचा, पिटमनने तपासून परत करायचा. पत्रद्वारा शिक्षणाची सगळी परंपरा यातून वाढली. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा पदवीचा अभ्यासक्रम काढला, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आलं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. पेटी आणि पिटमनचं कार्ड, दोन्ही असमकालिकच. फरक एवढाच की कार्डाला उत्तर येत होतं. उत्तर येण्या-न येण्याने जेवढा फरक पडतो तेवढा माध्यम बदलूनही पडत नाही, असं मला वाटतं.

रेडिओ आल्यावर लांबच्या मुलांशी थेट बोलणं शक्य झालं. ऑस्ट्रेलियात १९५१ मध्ये अॅलिस स्प्रिंग्ज इथे 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली. विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या दुतर्फी रेडिओवर शिक्षिका बोले आणि शेकडो मैलांवरच्या वस्त्यांवरची मुलं तिला उत्तर देत. पण रेडिओवर वेळ थोडा मिळे, म्हणून लेखी अभ्यास टपालानेच जाई-येई. अशा रेडिओशाळांकडे मी पुन्हा येणार आहे.

भारतात मोठा प्रयोग झाला तो दूरचित्रवाणीचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्या प्रयोगाचं नाव साइट. गुजरात त्या सहा राज्यांत नव्हता, तरी कार्यक्रम उपग्रहाकडे धाडणारं मुख्य भूकेंद्र अहमदाबादला होतं. आमच्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात त्याच सुमाराला पीज गावच्या प्रक्षेपकावरून इस्रोचा खेडा प्रकल्प चालू झाला. तिथे स्थानिक बोलीत, गावच्याच प्रश्नांवर कार्यक्रम होत, आणि संशोधक गावात जाऊन लोकांना काय समजलं, काय नाही हे विचारून येत. त्या प्रकल्पाला पुढे युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. टीव्ही उत्तर ऐकू शकत नाही, म्हणून ते आणायला माणूस पाठवायचा, ही त्यातली मेख.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर येऊ लागला. त्याचे धडे आधीच चित्रित केलेले असत. तरी घरोघर व्हिडिओ रेकॉर्डर नव्हते, त्यामुळे ठरल्या वेळी टीव्हीपुढे बसलात तर पाहायला मिळे, नाहीतर गेला. म्हणजे धडा रेकॉर्डेड, पण बांधलेला घड्याळाला, आणि प्रश्न विचारायची सोय मुळीच नाही. दोन्ही पद्धतींच्या अडचणी त्यात एकत्र आल्या होत्या. विषय मात्र उत्तम असत. नव्वदीच्या दशकात इस्रोने एकतर्फी चित्र आणि दुतर्फी आवाज अशी व्यवस्था करून पाहिली. मध्य प्रदेशातल्या झाबुआत १९९६ पासून खेड्यातली मंडळी स्टुडिओतल्या माणसाला प्रश्न विचारू लागली. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी एडुसॅट उपग्रह सोडला गेला तो याच वाटेवर.

संगणकाचा धागा वेगळीकडून येतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून प्लेटो ही संगणकावर शिकवण्याची प्रणाली होती. १९७३ मध्ये तिच्यावर दोन गोष्टी जन्मल्या. 'नोट्स'मध्ये प्रश्न लिहून ठेवायचा, ज्याला जमेल त्याने सवडीने उत्तर लिहायचं. 'टॉकोमॅटिक'मध्ये समोरचा टाइप करत असताना अक्षर न अक्षर आपल्या पडद्यावर उमटे. एकच यंत्र, एकच वर्ष आणि दोन्ही पद्धती. बडोद्याच्या खात्याची आठवण यावी असंच हे आहे.

आता पुन्हा ऑस्ट्रेलिया. जगभरच्या कॉलेजांत वापरलं जाणारं 'मूडल' हे ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर पर्थच्या मार्टिन डूगियामास यांनी बनवलं, त्याची पहिली आवृत्ती २००२ ची. डूगियामास लहानपणी वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीवर राहत आणि अशाच एका 'स्कूल ऑफ द एअर'मधून शिकत. त्यांच्या मूडलमध्ये धडा वाचायला, चर्चा लिहायला आणि काम जमा करून तपासून घ्यायला जागा आहे. रेडिओशाळेच्या टपालाची पिशवी मला त्यात स्पष्ट दिसते.

आपल्याकडे आयआयटी आणि बंगलोरच्या विज्ञान संस्थेने २००३ मध्ये एनपीटीईएल हा प्रकल्प सुरू केला आणि त्यातून आपली व्याख्यानं सगळ्यांना खुली केली. केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २०१७ मध्ये आलं. रेकॉर्डेड शिक्षणाची ताकद आणि उणीव एकदमच दिसली ती २०११ मध्ये, स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या वर्गात. सुमारे १,६०,००० जणांनी नावं नोंदवली आणि वीस हजारांहून थोडे अधिक जण शेवटपर्यंत पोचले. पोचलेल्यांची संख्याही प्रचंडच, पण उरलेल्यांना "का थांबलात?" असं विचारणारं कुणी नव्हतं.

मग २०२०. बहुतेक शाळांनी सकाळचं वेळापत्रक जसंच्या तसं पडद्यावर उतरवलं. शेजारच्या घरात दोन भावंडं आणि फोन एक. धाकट्याचा गणिताचा तास आणि थोरल्याचा विज्ञानाचा एकाच वेळेला. रोज कुणीतरी गैरहजर लागायचा, आणि ती मुलं हुशार असूनही मागे पडताना मी पाहिली आहेत. मला त्याचा अजून राग येतो. जून २०२० पासून गुजरात सरकारने डीडी गिरनारवर इयत्तावार धडे दाखवले. त्यामुळे नेट नसलेल्या घरांची सोय झाली, पण तिथेही घड्याळ आलंच. जुलैमध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या: पहिली ते आठवीला लाइव्ह तास दिवसाला जास्तीत जास्त दोन, नववी ते बारावीला चार, प्रत्येक ३० ते ४५ मिनिटांचा. बाकीचं शिक्षण असमकालिक असावं, हे सरकारी कागदावर इतकं स्वच्छ क्वचितच आलं होतं. बऱ्याच ठिकाणी बाकीचं म्हणजे पीडीएफचा ढीग झाला आणि तो तपासून परत करणारं कुणी राहिलं नाही.

समकालिक वर्गाने आपलेपणा आणि सहभाग वाढतो, असमकालिक कामात विचार करायला अवधी मिळतो, असं स्वीडिश संशोधक स्तेफान ह्रास्तिन्स्की यांनी २००८ मध्येच मांडलं होतं. आत्याने ते वाचलेलं नाही. तिने पहिले दोन महिने सगळं लाइव्ह शिकवून पाहिलं आणि मग स्वतःच घडी बदलली. आता ती बोरूने अक्षर काढतानाचा हाताचा व्हिडिओ सोमवारी पाठवते, कारण वळण पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. आठवडाभर विद्यार्थी आपापल्या कागदांचे फोटो धाडतात. ती ते छापून घेते, लाल पेनाने सुधारते, पुन्हा फोटो काढते आणि त्याच रात्री परत पाठवते, एकही शिल्लक ठेवत नाही. शनिवारी साडेसहाला सगळे एकत्र येतात ते फक्त जुनी पत्रं मोठ्याने वाचायला, कारण मोडी वाचताना कुठे थांबायचं हे ऐकूनच कळतं. त्यांतली एक मुलगी न्यू जर्सीत असते. तिथे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात आठ.