चैत्राच्या उन्हात पुदिना लावताना

गुढीपाडव्याच्या सुमारास सोलापुरात दुपारचा पारा सदतीस-अडतीसच्या घरात असतो. पंचांगात वसंत सुरू झालेला असतो, कडुलिंब फुललेला असतो, आणि रस्त्यावर रोपांच्या हातगाडीवर पुदिना, तुळस, गवती चहा अगदी टवटवीत दिसतात. आपण हौसेनं चार रोपं घरी आणतो, गच्चीवर मांडतो आणि पंधरा दिवसांत त्यातली दोन वाळतात. ‘सोलापूरचं ऊनच तसलं’ असं म्हणून विषय संपवला जातो. मला वाटतं, यात उन्हावर अन्याय होतो. आपल्याकडची बहुतेक रोपं पानांनी नाही, मुळांनी मरतात.

शेतात वीतभर खोल गेलं की माती बरीच गार असते. कुंडीला ती सोय नाही. तिच्यावर चारही बाजूंनी ऊन पडतं आणि खालून गच्चीचा स्लॅब भाजत असतो. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतली माती तर दुपारी हवेपेक्षाही जास्त तापते. माती पस्तीस अंशांच्या वर गेली की बऱ्याच नाजूक रोपांच्या मुळांचं काम मंदावतं. नेमकी त्याच वेळी पानांची पाण्याची मागणी वाढलेली असते. २० अंशांच्या हवेत जेवढी वाफ मावते, तिच्या सुमारे तिप्पट वाफ ४० अंशांच्या हवेत मावू शकते. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी, म्हणजे ही सगळी जागा रिकामीच, आणि ती भरण्यासाठी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, पाणी ओढलं जातं. वर एवढी ओढ आणि खाली तापलेली मुळं, मग रोप मान टाकतं.

म्हणून पहिला खर्च रोपावर नको, कुंडीवर करा. कुंभाराकडची न रंगवलेली मातीची कुंडी घ्या. ती माठासारखीच काम करते: भिंतीतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. हजार वॅटची इस्त्री चाळीस मिनिटं सलग चालली तर जेवढी उष्णता बाहेर पडेल, तेवढी ही झाली. कोकणातल्या दमट हवेत माठ एवढा गार होत नाही. आपल्याकडे होतो, कारण हवा कोरडी आहे. जी हवा पुदिना वाळवते, तीच कुंडी गार ठेवते. कुंडीला बाहेरून ऑइलपेंट मात्र लावू नका, भिंतीची छिद्रं बुजली की तिच्यात आणि प्लास्टिकच्या कुंडीत फारसा फरक राहत नाही.

मातीची कुंडी पाणी जास्त पिते, हे खरं. ज्यांच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्यांना ते परवडत नाही. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. शेंगाचटणीसाठी शेंगा फोडल्या की टरफलं फेकू नका, त्यांचा दोन बोटं जाडीचा थर कुंडीत मातीवर पसरा. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, आणि टरफलं हळूहळू कुजून खतही होतात.

दुपारी दोन वाजता पुदिना मलूल दिसला की जीव कळवळतो आणि आपण तांब्याभर पाणी ओततो. थांबा. आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. आत ओल लागली तर तो तहानलेला नाही, मुळं पानांच्या वेगाला पुरी पडत नाहीत एवढंच. संध्याकाळी तो आपोआप उभा राहतो. ओल्या मातीत पुन्हा पाणी ओतलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. पाणी द्यायचं ते सकाळी लवकर, खालच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल, कुंडीवर पांढरी पुटं चढत असतील, तर हे खालून वाहून जाणारं पाणी क्षारही घेऊन जातं.

आता मातीबद्दल. रानातली काळी माती मंगळवेढ्याच्या ज्वारीला अमृत असली, तरी नुसती कुंडीत भरू नका. तिच्यातली बारीक चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच. कुंडीत ती आकसून भिंतीपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू, हे मिश्रण मला सगळ्यात बरं वाटतं.

या मातीत चुनखडी असते, आणि कढीपत्त्याला तीच नडते. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर लोहाची कमतरता समजा. लोह मातीत असतं, पण चुनखडीच्या अल्कधर्मी मातीत ते विरघळत नाही, त्यामुळे मुळांना घेता येत नाही. आजी कढीपत्त्याला आंबट ताक घालायची ते इथं आठवतं. ताकातल्या लॅक्टिक आम्लानं मुळांभोवती थोडा आंबटपणा येतो. चुनखडी तो लवकरच मारून टाकते, म्हणून ताक एकदा घालून भागत नाही. पाणी घालून पातळ केलेलं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यावं, आणि जोडीला शेणखत.

चैत्रात काय लावावं? गवती चहा डोळे झाकून लावा. तो ज्वारी आणि उसाच्या कुळातला आहे, आणि कर्बवायू पकडायची या तिघांची रीत वेगळी आहे. आधी चार कार्बन अणूंचं आम्ल बनवून कर्बवायू साठवायचा आणि मग वापरायचा. त्यामुळे पर्णरंध्रं फार उघडी न ठेवताही पोट भरतं आणि पाणी वाचतं. तुळसही उन्हात खुलते, सावलीतल्या तुळशीपेक्षा तिचा वासही तीव्र असतो. ज्यांची भजी करतात ती ओव्याची जाड, लोकरी पानं पाणी धरून ठेवतात. गंमत म्हणजे हे झाड ओव्याचं नाहीच, ते तुळशीच्या कुळातलं, तर खरा ओवा धने-जिऱ्याच्या कुळातला. दोघांनी थायमॉल नावाचं तेच वासाचं रसायन आपापल्या वाटेनं बनवलं, आणि नाक फसलं.

कोथिंबीर मात्र थंडीची. धने लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, कारण एका धन्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवून पूर्वेच्या गॅलरीत किंवा हिरव्या नेटखाली पेरा. तरी वाढत्या उन्हात आणि लांबत्या दिवसांत ती लवकर दांडा टाकून फुलणार. फुलू द्या. ओल्या हिरव्या धन्यांची चटणी एकदा खाऊन बघाच.

पुदिन्याला रोप विकत घेण्याचीही गरज नाही. लक्ष्मी मार्केटमधून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत पेरांवर मुळं फुटतात. त्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या. आपल्या नेहमीच्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होनचा. हेच कार्व्होन शेपूच्या बियांत, बाळंतशेपात, असतं. अणू तेच, जोडणी तीच, फक्त रेणू आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा, डाव्या हाताला उजवा हात असतो तसा. आपल्या नाकातले ग्राहक, म्हणजे वास टिपणारे सूक्ष्म भाग, हा डावा-उजवा फरक ओळखतात, म्हणून एकाचा वास पुदिन्याचा येतो आणि दुसऱ्याचा शेपाचा. घरी दोन्ही असतील तर पान आणि बी बोटांनी चोळून एकामागोमाग हुंगून बघा.

पुदिना आणि तुळस यांचं हे सुगंधी तेल पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत भरलेलं असतं आणि ऊन चढलं की उडू लागतं. तेव्हा पानं सकाळी, पाणी घालण्याआधी खुडा. एकेक पान ओरबाडू नका, शेंडा पेराच्या थोडा वर खुडा. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे पेरांवरच्या कोंबांना, दाबून ठेवतो. तो गेला की त्याच पेरातून दोन फुटवे निघतात.