चोथा मिळाला नाही की आतड्यातले जिवाणू काय खातात?

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात पेशींचा अवघा एक पदर असतो. त्याच्या एका अंगाला अब्जावधी जिवाणू असतात आणि दुसऱ्या अंगाला शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या पेशींचा मोठा फौजफाटा. इतक्या जवळ राहूनही निरोगी माणसात या दोघांची सतत झटापट होत नाही, कारण मध्ये बुळबुळीत श्लेष्माचे आवरण असते. स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठातील गुन्नार हान्सन यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांच्या आतड्यात दाखवून दिले की हे आवरण दुहेरी असते: बाहेरच्या सैल थरात जिवाणूंची वस्ती असते, तर पेशींना चिकटलेल्या आतल्या दाट थरात त्यांचा जवळजवळ शिरकाव होत नाही.

आहाराचा संबंध येतो तो इथे. भाकरी, कडधान्ये, भाज्या आणि फळे यांतला चोथा, म्हणजेच तंतुमय भाग, पचवणारी बहुतेक विकरे माणसाकडे नाहीत, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे ती आहेत. हा चोथा आंबवून ते ब्यूटिरेटसारखी लहान मेदाम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा रक्तातल्या साखरेऐवजी याच ब्यूटिरेटमधून मिळवतात, शिवाय दाहाला आवर घालणाऱ्या प्रतिकारपेशी घडण्यासही त्याची मदत होते. म्हणूनच चोथ्याला ‘निरुपयोगी’ म्हणणे मला चुकीचे वाटते.

हा चोथाच मिळाला नाही तर काय होते, याचे उत्तर लक्झेंबर्गमधील महेश देसाई आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील एरिक मार्टेन्स यांच्या गटांनी २०१६ मध्ये दिले. जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात त्यांनी माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या निवडक १४ जाती सोडल्या आणि उंदरांना निरनिराळा आहार दिला. तंतुविरहित आहारावर श्लेष्मातील शर्करा तोडून खाऊ शकणाऱ्या जातींची संख्या वाढली आणि आवरण लक्षणीय पातळ झाले. वनस्पतींचा चोथा मिळेना, तेव्हा जिवाणूंनी यजमानाच्याच आवरणावर ताव मारला. पुढे या उंदरांना आतड्याचा संसर्ग करणारा एक जिवाणू दिला असता त्यांना तीव्र, जीवघेणा आतड्याचा दाह झाला. एक दिवस चोथायुक्त आणि एक दिवस तंतुविरहित असा आलटून पालटून आहार दिलेल्या उंदरांचेही आवरण काही प्रमाणात झिजले होते, आणि शुद्ध स्वरूपातले तंतू वेगळे काढून खाऊ घातल्याने अखंड धान्यांइतके संरक्षण मिळाले नाही. मला या प्रयोगातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्वारीच्या दाण्यात किंवा सालासकट मुगात तंतू एकाच प्रकारचे नसतात आणि ते पुडीतल्या पावडरीसारखे सुटेही नसतात.

उंदरांवरून माणसाविषयी घाईने निष्कर्ष काढता येत नाही. पण माणसांवरही एक बोलका प्रयोग झालेला आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाचे स्टीफन ओ’कीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० आफ्रिकी अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० जण यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली होती. अमेरिकनांचे तंतूंचे प्रमाण दिवसाला सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेले, स्निग्धांश घटले, ब्यूटिरेटची निर्मिती सुमारे अडीचपट झाली आणि आतड्याच्या अस्तरातील दाहाच्या खुणा कमी झाल्या. आफ्रिकी गटात याच्या नेमके उलटे घडले. अर्थात इथे तंतू आणि स्निग्धांश दोन्ही एकदम बदलले असल्याने सगळे श्रेय एकट्या चोथ्याला देता येत नाही.

ज्यांना क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे आजार आधीच जडले आहेत, त्यांनी मात्र हे वाचून ताटात एकदम कोंडा आणि कडधान्ये वाढवू नयेत. क्रोन्समध्ये आतडे एखाद्या ठिकाणी अरुंद झालेले असू शकते आणि तिथे जाडाभरडा चोथा अडकून आतड्याचा मार्ग बंद होण्याचा धोका असतो. अशा रुग्णांनी किती चोथा खावा आणि तो शिजवून, गाळून की सालासकट, हे त्यांच्या आतड्याची अवस्था पाहून डॉक्टरच ठरवू शकतात.