अ‍ॅक्सोलॉटलचा पाय तुटला? आधी पाणी बघा

एका टँकमध्ये दोन अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, सॅलमँडर जातीचा उभयचर) ठेवले, त्यातही एक लहान एक मोठा, की कधीतरी सकाळी एकाचा पंजा गायब दिसतोच. ह्यांची नजर यथातथाच, समोर काही हललं की तोंड उघडून आत ओढायचं एवढंच कळतं, मग ते गांडूळ असो नाहीतर भावाचा पाय. बघून आपली पाचावर धारण बसते, पण ह्या प्राण्याचा अख्खा पाय परत उगवतो, हाड, स्नायू, नसा सगळ्यांसकट, आणि सहसा व्रणही राहत नाही.

होतं काय, तर काही तासांतच आजूबाजूची कातडी सरकून जखमेवर पातळ पडदा येतो. मग त्याखाली पेशी जमून फिकट गाठ बनते, ती ब्लास्टेमा, आणि तिच्यातूनच पुढे चपटं टोक आणि बोटांचे कोंब फुटतात. पिल्लाला ह्यात काही आठवडे लागतात, मोठ्याला महिने. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अ‍ॅक्सोलॉटलच्या अंगातल्या मॅक्रोफेज पेशी (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या) नाहीशा करून बघितल्या, तर पाय उगवलाच नाही, नुसता व्रण!

म्हणजे पाय त्याचा तो उगवेल, आपण फक्त मधल्या काळात इन्फेक्शन होऊ द्यायचं नाही. हळद, मलम, बेटाडीन काहीही लावू नका प्लीज, ह्याची कातडी पाण्यातलं सगळं शोषून घेते आणि थोडाफार श्वासही तिच्यातूनच चालतो. माशांची निळी-हिरवी औषधंही मनाने ओतायची नाहीत.

त्याला वेगळ्या प्लास्टिक टबात ठेवा, खाली खडे नकोत, उजेड कमी, आणि रोज सगळं पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि जुन्याच तापमानाचं हवं. अमोनिया (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष) शून्य पाहिजे, टेस्ट किट नसेल तर घ्याच. तापमान 16 ते 18 अंश, कारण हा मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, समुद्रसपाटीपासून 2200 मीटरपेक्षा उंचावरच्या थंड पाण्यातला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच त्याच्या सहनशक्तीबाहेर असतं, पंखा आणि बर्फाच्या बाटल्यांवर दोन-तीन अंश उतरतात फार तर, त्यामुळे चिलर (टँकचं पाणी थंड ठेवणारं यंत्र) नसेल तर खरं सांगायचं तर हा प्राणी आणूच नये. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि बुरशी जोरात.

ती बुरशी ओळखायला सोपी आहे. बरी होणारी जखम गुळगुळीत, जराशी पारदर्शक दिसते, बुरशी मात्र कापसासारखी, पाण्याबरोबर हलते. ती दिसली, जखम पोटावर असली, अंगावर लाल चट्टे आले किंवा त्याने खाणंच सोडलं तर उभयचरांची माहिती असलेला व्हेट शोधा. मिठाच्या पाण्यात बुडवायचं की नाही, किती वेळ, हेही त्यांनाच विचारा. ह्यातलं काही नसेल तर गांडुळं चालू ठेवा, खाऊन उरलेला तुकडा लगेच काढा, आणि पाय किती आला बघायला त्याला सारखं हातात घेऊ नका.