लेन्सवरच्या रेघा आणि ०.०३ मिलिमीटर

जुन्या मॅन्युअल लेन्सवर फोकसच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना ८, ११, १६ असे आकडे जोडीने कोरलेले असतात. त्या अॅपर्चरला, म्हणजे भिंगातल्या छिद्राच्या त्या मापाला, किती अंतरापासून किती अंतरापर्यंत रेखीव येईल, ते ही जोडी दाखवते. ती कशाच्या आधारावर कोरली, हे माहीत नसेल तर आज ती हमखास फसवते.

१८३९च्या डॅगेरोटाइप कॅमेऱ्याचे भिंग साधारण एफ/१५चे होते (एफचा आकडा मोठा, तितके छिद्र लहान). एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, मिनिटांत मोजावे लागे, पण डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे रेखीव येणारा अंतराचा पट्टा, भरपूर मिळे. १८४० साली योझेफ पेट्झवाल यांनी एफ/३.६चे पोर्ट्रेट भिंग आखले. एक्स्पोजर खूप घटले आणि डोळे रेखीव, कान धूसर असे चेहरे दिसू लागले. (त्या चित्रांच्या कडांची धूसरता मात्र बरीचशी वेगळी. भिंगाची प्रतिमाच सपाट पडत नसे.) १८५८ साली जॉन वॉटरहाऊस यांनी भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या नळीच्या खाचेत सरकवण्याची युक्ती काढली, एकाच भिंगात अॅपर्चर बदलता येऊ लागले.

पुढचे वळण फिल्मच्या आकाराने दिले. ८ बाय १० इंची निगेटिव्हचा प्रिंट त्याच मापाचा निघे, मोठा करावा लागत नसे. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकाची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. तेवढाच प्रिंट हवा तर ती सुमारे ८ पट मोठी करायची. फोकसबाहेरचा बिंदू चित्रात ठिपका होऊन उमटतो, पण हातभर अंतरावरून पाव मिलिमीटरचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो. त्याला ८ने भागा, ०.०३ मिलिमीटर. लेन्सवरच्या रेघा साधारण याच मापाच्या.

आता २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (त्याच २४ बाय ३६ मिलिमीटरच्या) सेन्सरवर ०.०३ मिलिमीटरचा ठिपका रुंदीला पाच पिक्सेल व्यापतो. फोटो स्क्रीनवर पूर्ण आकारात पाहिला की रेघेच्या आतले डोंगरही मऊ दिसतात. उपाय सोपा आहे: एफ/८ला फोटो काढताना ४च्या खुणा वाचायच्या. ठिपक्याची मर्यादा निम्मी झाली की नेमका दोन स्टॉपचा, म्हणजे अॅपर्चरच्या दोन पायऱ्यांचा (८, ५.६, ४), फरक पडतो.

अॅपर्चर एफ/२२पर्यंत बंद करून मात्र सुटका होत नाही. तिथे विवर्तनामुळेच, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळेच, प्रत्येक बिंदूचा जवळपास ०.०३ मिलिमीटरचा ठिपका होतो. मग फोकसमध्ये असलेली वस्तूसुद्धा मऊ येते.