ब्रेस्ट पंप भाड्याने घेण्याआधी: ठाणे-नवी मुंबईतल्या आयांसाठी

आम्ही पंप भाड्याने देतो, तरी पहिलं सांगणं हेच की बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात बहुतेकींना त्याची गरज नसते. सुरुवातीचा चीक घट्ट आणि अगदी थोडा येतो. नेमकं तेव्हाच घरात 'दूध पुरत नाही'ची कुजबुज सुरू होते. चीक पिळून टाकू नका, मध किंवा बाळगुटी चाटवू नका. बाळाला वरचेवर अंगावर घ्या. जितकं दूध निघतं, तितकं नवं तयार होतं.

मांडीवर आडवं घेऊनच पाजलं पाहिजे असं नाही. सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर बाळाला काखेखाली धरा, पाय तुमच्या पाठीकडे. जुळ्यांनाही असं एकदम पाजता येतं. कसंही घेतलंत तरी तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. दुखतच राहिलं तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

हाताने दूध काढायला प्रत्येकीने शिकावं, असं आमचं मत आहे. अंगठा वर, तर्जनी खाली, दोन्ही काळसर भागाच्या कडेवर. आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. स्तनाग्र ओढू नका. हे दूध वाटी-चमच्याने किंवा आजीच्या काळातल्या बोंडल्याने पाजता येतं.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला रुग्णालयात आईचं दूध नळीने देतात. आईचं पुरेसं नसेल तर दुग्धपेढीचं मिळू शकतं. आशियातली पहिली दुग्धपेढी 1989 साली आपल्या शेजारीच, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. तिथे दात्या आईची तपासणी होते, दूध पाश्चराइज होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरून मिळालेलं दूध मात्र बाळाला देऊ नका. दत्तक बाळाच्या आईलाही स्तनाला बारीक नळी लावून बाळाला अंगावर पाजता येतं, डॉक्टरांशी बोला.

पंपाचा खरा उपयोग कामावर परतताना. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा हाही कायद्याने दिलेला हक्क आहे. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, कुठेही असलात तरी एचआरला संकोच न करता विचारा. ऑफिसात साधारण दर तीन तासांनी दूध काढा. ओढ सोसेल तेवढीच ठेवा. जास्त ओढ म्हणजे जास्त दूध, हा गैरसमज आहे. फनेलमध्ये, म्हणजे स्तनावर बसवायच्या कपात, स्तनाग्र घासत असेल तर माप चुकलंय. आम्ही बदलून देऊ.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्या भरवशावर राहू नका. बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत 24 तास चालतं, म्हणजे ठाणे-वाशी लोकलचा प्रवास सहज होतो. फ्रिजमध्ये चार दिवस, तेही आतल्या बाजूला, दारात नको. वर साय आली तर हलकेच फिरवून घ्या, ते नासलेलं नसतं. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको.

बाटल्या आणि दूध पावडर आम्ही विकत नाही. त्यांच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने बंदीच आहे. पण डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर ते अपराधी न वाटता द्या. फक्त डब्यावरचं माप पाळा, पुरवायचं म्हणून पातळ करू नका.

पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहापेक्षा कमी वेळा शू होत असेल, किंवा ताप येऊन स्तन लाल आणि दुखरा झाला असेल, तर आम्हाला नव्हे, डॉक्टरांना फोन करा. दूध काढणं मात्र थांबवू नका.

आमची मशीन बंद पद्धतीची आहेत, म्हणजे दूध मोटरपर्यंत पोचत नाही. फनेल, नळी, बाटलीचा संच प्रत्येकीला नवा मिळतो, तो परत घेत नाही. दुसरीकडून पंप घेतलात तरी या दोन गोष्टी विचारूनच घ्या.