शरियतचे चार आधार आणि कोकणातली माकूल

'शरियत' म्हटलं की एखादं जाडजूड कायद्याचं पुस्तक डोळ्यांसमोर येतं, कलमवार छापलेलं. असं पुस्तक मुळात नाही. श्रद्धेचा गाभा अगदी थोडक्यात सांगता येतो: अल्लाह एक, मुहंमद त्याचे पैगंबर, त्यावर उभे कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज हे पाच स्तंभ. कायद्याची गोष्ट मात्र लांबलचक आहे, आणि ती माणसांच्या वादविवादातून घडली आहे.

पैगंबर 632 साली गेले. त्यांच्यावर उतरलेलं कुराण तोवर मुख्यतः पाठांतरात होतं आणि विखुरलेल्या नोंदींत. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात त्याची प्रमाण प्रत ठरली. पण 114 सुरांच्या, म्हणजे अध्यायांच्या, त्या ग्रंथात थेट कायदेशीर म्हणाव्यात अशा आयती, म्हणजे वचनं, तुलनेने थोडीच. वारसा, विवाह, तलाक, कर्जाचे करार यांवर ती बोलतात. इराक, सीरिया, इजिप्त जिंकल्यावर रोज समोर येणाऱ्या नव्या प्रश्नांवर नाही.

मग पैगंबर कसे वागले, काय म्हणाले, याकडे लोक वळले. त्या आठवणी म्हणजे हदीस. राजकीय भांडणांत खोट्या हदीसही पिकल्या, म्हणून कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी, म्हणजे इस्नाद, तपासायचं एक शास्त्रच उभं राहिलं. सांगणारा स्मरणशक्तीचा पक्का होता का, ज्याचं नाव घेतो त्याला तो भेटला होता का, इतकं बारीक बघायचे. नवव्या शतकात बुखारी यांनी केलेला संग्रह सुन्नी जगात याच काटेकोरपणामुळे मान्य झाला.

या सगळ्याला शिस्त लावली ती गाझात 767 साली जन्मलेल्या इमाम शाफई यांनी. आधी कुराण, मग सुन्नत म्हणजे हदीसमधून कळणारा पैगंबरांचा शिरस्ता, मग इज्मा म्हणजे मतैक्य, आणि शेवटी कियास. कियास म्हणजे दाखला बघून ताडणं: द्राक्षाची दारू निषिद्ध आहे ती नशेमुळे, तेव्हा नशा आणणारं दुसरं पेयही निषिद्ध. इजिप्तला गेल्यावर शाफईंनी स्वतःचीच कित्येक मतं बदलली, आणि त्यांच्या शिष्यांनी जुनी व नवी दोन्ही जपली. मला या परंपरेतली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. हनफी, मालिकी, शाफई, हंबली हे चारही सुन्नी मजहब, म्हणजे कायद्याचे पंथ, एकमेकांना वैध मानतात. शियांची वाट वेगळी. तिथे पैगंबरांच्या घराण्यातल्या इमामांची वचनं आणि अक्कल यांना मोठं स्थान आहे.

सुन्नी मजहबांमधला फरक महाराष्ट्रात ताटात दिसतो. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, कारण अरबस्तानाशी असलेल्या समुद्री व्यापारातून किनाऱ्यावर हाच मजहब रुजला. माहीमचे चौदाव्या-पंधराव्या शतकातले विद्वान मखदूम अली माहिमी हेही शाफईच. देशावरचे बहुतेक हनफी. हनफी मताप्रमाणे समुद्रातलं फक्त मासळी म्हणावं तेच हलाल, म्हणून माकूल (स्क्विड) चालत नाही आणि कोळंबी मासळीत धरायची का यावर त्यांच्यातच वाद. शाफई घरात दोन्ही बिनदिक्कत शिजतात. असरच्या, म्हणजे दुपार उतरल्यावरच्या, नमाजाची वेळही शाफई मशिदीत आधी होते: सावली वस्तूइतकी वाढली की झालं, हनफी ती दुप्पट व्हायची वाट बघतात.

ब्रिटिश काळात 1937 चा शरियत कायदा आला. विवाह, तलाक, वारसा अशा बाबतींत रूढीऐवजी शरियत लागू, असं त्याने ठरवलं. पण शरियत म्हणजे नेमकं काय, हे कलमवार लिहिलं नाही. ते काम पुढे न्यायालयांवर पडलं. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक 3 विरुद्ध 2 मतांनी रद्द केला. तेव्हा न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी हेच चार आधार मांडले आणि कुराणाच्या विरोधात जाणारी प्रथा शरियत ठरू शकत नाही, असा निष्कर्ष काढला.