कुरळ्या केसांच्या पूडल-मिक्स पिल्लाचं ग्रूमिंग

पूडल आणि दुसऱ्या एखाद्या जातीच्या संकरातून झालेल्या कुरळ्या केसांच्या पिल्लाचे केस विंचरणं, गुंता सोडवणं, अंघोळ घालून वाळवणं, कातरणं आणि कान-नखांची निगा राखणं, या सगळ्याला मिळून ग्रूमिंग म्हणतात. कॉकापू, माल्टिपू, कॅव्हापू, लॅब्राडूडल ही यातली नेहमी ऐकू येणारी नावं. 'याचे केस गळत नाहीत' असं पिल्लू विकताना सांगतात, पण केस सुटतातच, फक्त ते फरशीवर पडण्याऐवजी शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतात आणि जटेची सुरुवात तिथूनच होते. त्यामुळे या कुत्र्यांच्या बाबतीत कापण्यापेक्षा विंचरणं मोठं आणि ते काम घरच्यांनीच नियमित करायचं असतं.

पूडल मूळचा कुठला यावर एकमत नाही. एफसीआय ही कुत्र्यांच्या जातींची आंतरराष्ट्रीय संघटना त्याचा देश फ्रान्स धरते आणि बार्बे या जुन्या पाणकुत्र्याचा वंशज मानते, अमेरिकन केनेल क्लब मात्र त्याचं मूळ जर्मनीत, बदकांच्या शिकारीत शोधतो. पाण्यात पडलेलं बदक उचलून आणणारा कुत्रा हा भाग दोन्हीकडे सारखाच आहे, त्यामुळे देशाच्या वादापेक्षा तोच जास्त उपयोगाचा. प्रसिद्ध लायन कटचं (मागचं अंग भादरून छातीवर केस आणि सांध्यांवर केसांचे गोंडे ठेवायची पद्धत) स्पष्टीकरणही त्यातूनच देतात, म्हणजे पोहताना जड होऊ नये म्हणून मागचे केस काढायचे आणि छातीला, सांध्यांना ऊब राहावी म्हणून तिथले ठेवायचे. ही मांडणी पटण्यासारखी आहे, पण गोंड्यांचा आजचा गोल आकार बहुधा नंतरच्या शोभेतून आला असावा.

मिश्र पिल्लांचा इतिहास सांगताना बहुतेक लोक १९८९ पासून सुरुवात करतात. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल गाइड डॉग संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतल्या एका अंध बाईंची मागणी आली होती, त्यांना मार्गदर्शक कुत्रा हवा होता पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी, म्हणून कॉनरननी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडलचा संकर केला, पिल्लांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने तिकडे पाठवले आणि ३ पिल्लांपैकी सुल्तान नावाचं एकच चाललं. पण वेगाचे विक्रम करणारे डोनाल्ड कॅम्पबेल यांनी आपल्या कुत्र्यासाठी लॅब्राडूडल हे नाव १९५५ मध्येच वापरलेलं आहे, आणि अमेरिकेत कॉकापू त्याच सुमारास, १९५०-६० च्या दशकांत रुळलेला होता. तेव्हा कॉनरनना पहिले म्हणण्यापेक्षा ठरवून, एका कामासाठी संकर करणारे म्हणणं जास्त बरोबर. पुढे वाटेल तसं ब्रीडिंग सुरू झालं त्याबद्दल त्यांनी स्वतःच उघड खंत व्यक्त केली.

ॲलर्जीचं म्हणाल तर नेदरलँड्समधल्या २०१२ च्या अभ्यासात ॲलर्जी न देणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत कुत्र्याचा मुख्य ॲलर्जन (ॲलर्जी करणारा घटक) इतर जातींपेक्षा कमी आढळला नाही. घरात कुणाला दमा किंवा शिंकांचा त्रास असेल तर केसांच्या जातीवर विसंबू नये, आधी त्याच पिल्लासोबत वेळ घालवून बघावा.

केस कसे येणार हे मुख्यतः ३ जनुकांवर ठरतं असं २००९ च्या संशोधनातून दिसलं: आरएसपीओ२ मुळे दाढी-मिशा-भुवया येतात, एफजीएफ५ मुळे लांबी आणि केआरटी७१ मुळे कुरळेपणा. पूडलकडून हे तिन्ही येऊ शकतात पण दुसऱ्या पालकाकडून काय येईल ते वेगळं, म्हणून एकाच वेतातलं एक पिल्लू घट्ट कुरळं निघतं, दुसरं नुसतं लाटांचं. ब्रश आणि ट्रिमरचं ब्लेड निवडताना जातीचं नाव बघू नये, हातातले केस बघावेत.

कोल्हापूर भागात कुत्रा सांभाळायची जुनी रीत आखूड केसांच्या कुत्र्यांवर घडलेली आहे. गावठी, कारवान, मुधोळ यांना ओल्या फडक्यानं पुसलं, गोचीड काढले, अधूनमधून अंघोळ घातली की झालं. जनावर भादरायची सवयही इथली जुनी, दिवाळीच्या पाडव्याला मिरवायच्या आधी म्हैस भादरून शिंगं रंगवतात. म्हणूनच पिल्लाचा गुंता वाढला की 'सरळ भादरून टाका' हा सल्ला पटकन मिळतो. तो शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे, पण दर वेळी कातडीपर्यंत काढलं तर उन्हाचा आणि डासांचा त्रास होतो, आणि ज्याला दुसऱ्या पालकाकडून आतली मऊ लव मिळालीय त्याचे केस परत सारखे येतीलच असं नाही. एप्रिल-मेमध्येसुद्धा साधारण १२ ते २५ मिमी केस ठेवलेले बरे.

इथला खरा कठीण काळ जून ते सप्टेंबर. हवा दमट, रंकाळ्यावर फिरवून आणलं की पाय आणि पोट ओलं, आणि वरून कोरडे वाटणारे केस मुळाशी ओलेच राहतात. तसेच राहिले तर वास येतो, खाज सुटते, बुरशी धरते. पावसाळा संपला की कुसळांचा मोसम. पन्हाळा, जोतिबाच्या बाजूला किंवा टेंबलाई टेकडीवर फिरवलं तर कुसळं, आघाड्याचं बी, गोखरू केसांत घुसतं, आणि बोटांच्या बेचक्यात किंवा कानात गेलेलं कुसळ टोकाच्या बाजूनं आत सरकत जातं, म्हणून घरी आल्या आल्या पंजे उघडून बघायलाच हवेत.

विंचरायची पद्धत अशी की पिल्लाला आडवं करायचं, एका हातानं केस वर धरून कातडीची रेघ दिसली पाहिजे, तिथून थोडे थोडे केस खाली सोडत स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) फिरवायचा आणि मग स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत घालायचा. कंगवा अडला म्हणजे गुंता आहे, वरून केस कितीही फुललेले दिसोत. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला आधी हात घालावा. गुंता मुळाशी धरून टोकाकडून सोडवायचा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. कात्री अजिबात नको, कुत्र्याची कातडी पातळ असते, गुंत्यात वर ओढली जाते आणि कापली जाते. अंघोळ नेहमी विंचरून झाल्यावर, कारण पाण्यानं गुंता आवळतो. माणसाचा शाम्पू टाळावा, माणसाच्या कातडीचा पीएच ५.५ च्या आसपास असतो, कुत्र्याचा ७ च्या जवळ. खोबरेल तेल चोपडू नये, धूळ धरतं आणि पिल्लू चाटत बसतं.

६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्यांचे केस येतात, दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि आतापर्यंत आठवड्यातून दोनदा चालणारं काम अचानक रोजचं होतं. बरेच जण इथेच हरतात. कातडीला चिकटलेली चादरीसारखी जट झाली असेल तर सोडवायचा हट्ट करू नये, पिल्लाचे हाल होतात, १० नंबरच्या ब्लेडनं (सुमारे १.५ मिमी) खालून काढावी, ब्लेड तापतंय का ते आपल्या मनगटावर बघत राहावं. कानावरची जड जट काढल्यावर पिल्लू जोरात डोकं झटकतं आणि कानाच्या पाळीत रक्त साठू शकतं, म्हणून ते काम जमलं तर डॉक्टरांकडेच करून घ्यावं.

पिल्लाला सवय लावायचं वय साधारण ३ ते १४ आठवडे, म्हणजे लसी पूर्ण व्हायच्या आधीच. सलूनमध्ये तेव्हा नेता येत नाही, पण घरी बंद ट्रिमर अंगाजवळ धरणं, मग लांबून चालू करणं, पंजे हातात घेणं, कंगव्याच्या दोन फेऱ्या आणि लगेच खाऊ, एवढं करता येतं. पहिल्या सलून भेटीत फक्त तोंड, पंजे आणि शेपटीखालची जागा करून घ्यावी.

कानातले केस उपटावेत का यावर जुने ग्रूमर आणि आताचे व्हेट यांच्यात मतभेद आहेत, जुने हो म्हणतात, पण कान निरोगी असेल तर उपटू नये याकडे आता कल जास्त आहे. नखं थोडी थोडी कापावीत, आतली शीर टाळून. गुदग्रंथी (गुदद्वाराजवळच्या छोट्या ग्रंथी) दर वेळी दाबून रिकाम्या करायची गरज नसते, पिल्लू बूड घासत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.